दुखणं एक, स्वभाव वेगळे

आम्ही मुंबईच्या गिरगावातल्या बायका आज तुमच्याशी बोलतोय. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण तुमच्याकडे आहे, तशी आमच्या चाळीतही आहे. चाळीत तर ती रोज ऐकू येते. खोल्या लहान, पुढे सगळ्यांची मिळून एक गॅलरी, पाणी ठरल्या वेळेला येणार. त्यामुळे कोणाचा स्वभाव कोणापासून लपत नाही. ही संशयी, ती रडूबाई, कोपऱ्यातली सोवळी. एकदा ठप्पा बसला की सुनेला सून आली तरी तो पुसत नाही.

मनाच्या डॉक्टरांकडेही स्वभावांना नावं आहेत. संशयी, अलिप्त, आत्ममग्न, खिन्न, अतिकाटेकोर अशी. मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय? आपण नावं ठेवतो, ते नाव देतात. नावं ठेवली की बोलणं तिथेच संपतं. नाव दिलं की पुढचं काम सुरू होतं, म्हणजे या बाईशी कसं बोलायचं, कशानं तिला बरं वाटेल आणि कशानं उलट त्रास होईल, याचा विचार.

हे काम करणाऱ्या एका पद्धतीला मनोविश्लेषण म्हणतात. व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनी ती सुरू केली. माणसाला मोकळेपणी बोलू द्यायचं आणि त्याचं त्यालाच न कळणारं मनाच्या तळाशी काय आहे, ते हळूहळू समजून घ्यायचं. आपल्याकडे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कोलकात्यात यासाठी संस्था काढली. मुंबईत १९३८ साली एमिलिओ सर्व्हाडिओ नावाचे इटलीतले मनोविश्लेषक आले. तिथल्या ज्यूविरोधी कायद्यांमुळे त्यांना देश सोडावा लागला होता. त्याआधी १९३७ मध्ये नागपाड्याला, म्हणजे गिरगावातून चालत जाण्याच्या अंतरावर, टाटांच्या समाजकार्य शाळेनं मुलांच्या मनाच्या तक्रारींसाठी मार्गदर्शन केंद्र उघडलं होतं. तेव्हा ‘ही हल्लीची थेरं’ असं कोणी म्हणालं तर त्यांना ही सालं सांगा.

आता मुद्द्याचं. समजा, एकाच मजल्यावर दोघी आहेत. दोघींना दोन महिने झोप नाही, अन्नावरची वासना गेलीय, डोळ्यांचं पाणी खळत नाही. वरून पाहिलं तर दुखणं एकच. पण जवळ बसून ऐकलं तर एक म्हणते, “माझंच चुकलं. मुलगा नापास झाला तो माझ्यामुळे, सासूबाई गेल्या त्याही माझ्या हयगयीमुळे. मीच वाईट.” दुसरी म्हणते, “मुलगी लग्न होऊन गेली, आता घर खायला उठतं. माझं असं कोणीच उरलं नाही.” एकीला स्वतःचं ओझं झालंय, दुसरीला जग रिकामं झालंय. फ्रॉइडनं हा फरक १९१७ सालीच लिहून ठेवला होता. पुढे अमेरिकेतल्या नॅन्सी मॅकविल्यम्स या बाईंनी १९९४ साली स्वभाव आणि निदान यांवर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यातही खिन्न स्वभावाचे हे दोन पदर त्या वेगळे करून दाखवतात.

डॉक्टर दोघींना कदाचित एकाच प्रकारच्या गोळ्या देतील, आणि दिल्या तर त्या घ्याव्यातच. पण बोलणं मात्र दोघींशी एकसारखं चालत नाही. पहिलीला आपण काय म्हणतो? “अगं, तू किती गुणाची!” तिला ते पटत नाही. तिच्या मनात येतं, यांना माझं खरं रूप कळलेलं नाही, मी यांनाही फसवतेय. ती आणखी खचते. तिच्यासोबत बसणारा थेरपिस्ट कौतुकाची घाई करत नाही. ‘एवढा राग तुला नेमका कोणाचा आला होता?’ या प्रश्नाकडे तो सावकाश येतो. कारण बऱ्याचदा दुसऱ्यावर काढता न आलेला राग तिनं स्वतःवरच काढलेला असतो. दुसरीला मात्र कोणी नेमानं येऊन बसलं तरी निम्मं बरं वाटतं. तिच्या बाबतीत चार दिवस जाऊन पाचव्या दिवशी न सांगता जाणं बंद करणं वाईट. त्यापेक्षा आठवड्यातून एकदाच जा, पण ठरलेल्या वारी जा.

आणखी एक स्वभाव आहे, त्यावर आम्हाला जरा जास्त बोलायचंय. सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाणारी, ताप अंगावर काढणारी, “माझं काय, मी सोसीन” म्हणणारी. पुस्तकात याला ‘स्वपीडक’ म्हणतात. शब्द ऐकून वाटतं, तिला दुःखाची हौस आहे. तसं नसतं. सोसलं तरच आपल्याला कोणी धरून ठेवेल, हे ती लहानपणी कुठेतरी शिकलेली असते. पण हे नाव बाईला देताना फार जपायला हवं. घरात मार खाणारी बाई जर जायला दुसरं घर नाही, हातात पैसा नाही म्हणून तिथेच राहत असेल, तर तो तिचा स्वभाव नाही, ती तिची अडचण आहे. आधी तिच्यासाठी दार आहे का ते बघायचं. पूर्वी ‘हिस्टेरिया’ हा शब्द असाच बायकांच्या माथी मारला गेला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गर्भाशय! म्हणजे रोगाच्या नावातच बाई.

थेरपिस्ट नुसता स्वभाव बघत नाही. दुखणं किती खोल आहे तेही बघतो. नळावर दोघी कुजबुजल्या आणि एकीला वाटलं, माझ्याबद्दलच बोलतात. पण ती असंही म्हणते, “हे माझ्या मनाचे खेळ आहेत, कळतं मला, तरी राहवत नाही.” दुसरीची खात्रीच आहे की टीव्हीवरचा माणूससुद्धा तिच्याविरुद्ध बोलतोय. संशय दोघींत आहे, पण दुसरीला वेळ न घालवता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला हवं. तिच्याशी वाद घालून उपयोग नाही.

हे सगळं एका भेटीत कळत नाही. बाई थेरपिस्टशी कशी वागते, यावरूनही पुष्कळ कळतं. कोणी त्याच्यासमोर सासूपुढे बसल्यासारखी अंग चोरून बसते, कोणी पहिल्याच दिवशी त्याला देव करून टाकते. जुनी नाती त्या खोलीत येऊन बसतात. अडचण आहे ती खोलीचीच. चाळीत भिंतीपलीकडे ऐकू जातं, तुमच्याकडे ओटीवर कोणी ना कोणी असतंच. दार लावून तासभर बोलायला जागा नाही, आणि सरकारी दवाखान्यात रांग एवढी की डॉक्टरांकडे तेवढा वेळ नाही. आमच्या मते बचतगटाच्या बैठकीची खोली आठवड्यातून एक तास यासाठी मोकळी ठेवता येईल. ऐकलेलं बाहेर जाणार नाही, एवढी अट मात्र पाळायची. हे उपचार नव्हेत, पण डॉक्टरांपर्यंत जायचं बळ त्यातून येतं.

आणि म्हणीचं काय? ती अर्धी खरी आहे. काटेकोर बाई उपचारानं गबाळी होणार नाही. पण कुलूप दहादा ओढून बघणारी दोनदा ओढून एसटी पकडायला निघू शकेल. स्वभाव तोच राहतो, त्याचा जाच कमी होतो.

मदतीसाठी सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन आहे. नंबर लिहून घ्या : १४४१६. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग कोणत्या वारी चालतो, ते आशाताईंना विचारा. कोणी ‘जगण्यात अर्थ नाही’ असं बोलली तर तिचा स्वभाव कुठला, हा विचार करत बसू नका. तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.