रोजच्या भाकरीची शाश्वती



धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवप्रसंगी आम्ही देवळाचा इतिहास सांगावा, अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. तो इतर वक्ते अधिक चांगला सांगतील. ज्यांच्या मजुरीतल्या आण्यापैशांवर हे देऊळ उभे राहिले, त्यांच्या रोजगाराविषयी आम्ही चार शब्द बोलणार आहो.

मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यावर प्रवचन करताना आम्ही धन्याच्या औदार्याचेच वर्णन वर्षानुवर्षे केले. परंतु दिवस कलेपर्यंत बाजारात उभ्या असलेल्या त्या मजुरांकडे जरा पाहावे. ते आळशी नव्हते. त्यांस कोणी कामावर लावले नव्हते, इतकेच. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तासाच्या हिशेबाने तिचा बारावा हिस्सा त्यांच्या हाती पडता, तर त्यांची मुले त्या रात्री उपाशी निजती. धन्याने हिशेब केला तो पोटाचा.

हा बाजार आम्ही बालपणी घरात पाहिला आहे. आमचे तीर्थरूप मुंबईच्या एका गिरणीत बदली कामगार होते. तरुण मंडळींस हा शब्द आता समजावून सांगावा लागतो. कायम कामगार गैरहजर राहिला, तर त्याच्या जागी घ्यावयाचा तो बदली. पहाटे दरवाजाशी जाऊन उभे राहावयाचे; नाव पुकारले तर मजुरी, नाही तर आल्या पावली परत. पूर्वी ही निवड जॉबरच्या मर्जीवर असे, व मर्जी दस्तुरीने मिळे. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने बदल्यांस कार्डे देण्याची पद्धत सुरू केली; परंतु कार्ड म्हणजे काम नव्हे. सकाळी आठाच्या सुमारास जिन्यावर तीर्थरूपांची पावले वाजली, की आज काम नाही हे आम्हां मुलांस कळे, आणि त्या दिवशी आई दूधवाल्याशी दाराआडूनच बोले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. बदल्यांस कायम करावे, ही त्यातील एक मागणी होती. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि तीर्थरूपही गिरणीत परत गेले नाहीत.

कामच अनियमित, तेथे शाश्वती कोठून आणावयाची, असे व्यवहारी माणसे विचारतात. ह्याचे उत्तर मुंबईच्या हमालांनी दिले आहे. पाठीवर गोणी वाहणाऱ्याचा मालक आज एक व्यापारी, उद्या दुसरा. अण्णासाहेब पाटील ह्यांनी ह्या लोकांची संघटना बांधली, व १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. कामगार व मालक दोघांचीही नोंद मंडळाकडे व्हावयाची. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठराविक लेव्ही मंडळात भरावयाची. मंडळाने मजुरी वाटून लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार व औषधोपचार ह्यांची तरतूद करावयाची. ओझे पूर्वीइतकेच जड राहिले. म्हातारपणाची धास्ती मात्र कमी झाली. ह्या व्यवस्थेतही दोष शिरले, हे आम्ही नाकारीत नाही.

पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ च्या परिपत्रात शिकविले, की गरजेपोटी मजुराने कमी वेतन मान्य केले, तरी तेवढ्याने ते न्याय्य ठरत नाही. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी 'अप्रत्यक्ष मालका'चा विचार मांडला: ज्याचा मजुराशी करार नाही, परंतु ज्याच्या निर्णयावर मजुराची स्थिती अवलंबून असते, तोही जबाबदार होय.

आता आमच्याच अंगणाकडे वळू. देवळाचे आवार झाडणाऱ्या बाईंची मजुरी कित्येक वर्षे आमच्या वहीत 'किरकोळ खर्च' ह्या सदरी लिहिली जात होती. मागील पावसाळ्यात त्या पायरीवरून घसरल्या व त्यांचे मनगट मोडले. आम्ही त्यांच्या घरी गेलो, फळे दिली, आशीर्वाद दिला, आणि दोन महिन्यांची रोजंदारी कापली. वहीवर सही आमचीच आहे. ती रक्कम आता त्यांस दिली असून, मासिक वेतन व भरपगारी रजाही ठरली आहे. परंतु हे सुचावयास हाड मोडावे लागले, ह्याची आम्हांस लाज वाटते.

नूतन सभागृहाचा करार पुढील महिन्यात व्हावयाचा आहे. ठेकेदार नाक्यावरून मजूर आणील व त्यांची नावेही आपणांस कळणार नाहीत. प्रत्येक मजुराची हजेरी लेखी ठेवावी, मजुरी आठवड्याच्या आठवड्यास द्यावी, व पात्र मजुरांची नोंद बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात करावी, अशा अटी करारात घालण्याचा आमचा विचार आहे. खर्च वाढेल, कदाचित वरचा मजला ह्या वर्षी होणार नाही. कोषसमितीची सभा येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. ज्यांची हरकत असेल, त्यांनी अवश्य यावे.