पहिल्या प्याल्याआधी

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की तासाभरात सावनेर येतं. राम गणेश गडकरी तिथेच २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. पुरता महिनाही उलटला नव्हता, तोच २० फेब्रुवारीला गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्यात 'एकच प्याला' रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस सुधाकर. लेखकाला तो प्रयोग पाहायला मिळाला नाही.

शोकांतिका म्हटली की मराठी माणसाला हे नाटक हमखास आठवतं. परीक्षेला आलं तर प्रश्न ठरलेला: नायकाचा शोकात्म प्रमाद कोणता? उत्तरही ठरलेलं: दारू. या उत्तराला मी पुरे गुण देणार नाही.

'प्रमाद' हा शब्द अॅरिस्टॉटलच्या 'हमार्टिया'साठी आपण वापरतो. मूळ ग्रीक शब्दात नेम चुकण्याचा अर्थ आहे. बाण सुटला, पण लागायचा तिथे लागला नाही. काही पुस्तकांत त्याला 'दोष' म्हटलेलं असतं आणि तिथेच घोटाळा होतो. दोष म्हटला की आपण न्यायाधीश होऊन बसतो. प्रमाद करणारा माणूस दुष्ट नसतो. बराचसा तुमच्याआमच्यासारखा असतो, म्हणून तर त्याच्यासाठी जीव तुटतो.

आता सुधाकराकडे पाहा. हुशार, मानी वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि काही काळासाठी सनद जाते. हा अपमान त्याला गिळता येत नाही. तळीराम प्याला पुढे करतो, तो यानंतर! म्हणजे नेम चुकला तो पहिल्या प्याल्याआधी. ज्या स्वाभिमानाचं आपण घरीदारी कौतुक करतो, त्यानंच इथे घात केला. पुढे घरात दाणा नसतानाही सिंधूच्या माहेरची मदत चालत नाही. ती बिचारी लोकांची दळणं दळते. दारू हा रोगाचा वरचा फोड झाला, मूळ आत आहे.

दुसरी संज्ञा 'विपर्यय'. केलं एक आणि झालं नेमकं उलटं. सुधाकर मध्येच दारू सोडतो, नोकरी मागायला बाहेर पडतो. ओळखीची प्रतिष्ठित मंडळी त्याला झिडकारतात आणि तो पुन्हा बाटलीकडे वळतो. सुटकेसाठी उचललेलं पाऊलच त्याला खड्ड्यात नेतं. दारूबंदीच्या व्याख्यानांत या प्रसंगाचा उल्लेख मी तरी क्वचितच ऐकला. त्यात न पिणारेही अडकतात ना!

तिसरी संज्ञा 'अभिज्ञान'. रामटेकच्या शेजारी राहणाऱ्यांना ती नवी नको. शाकुंतलात अंगठी दिसते, ओळख पटते आणि पुढे ताटातूट संपते. शोकांतिकेत ओळख पटते तेव्हा हाती काही उरलेलं नसतं. तान्हं मूल गेलेलं, सिंधू मरता मरताही पोलिसांपुढे नवऱ्याला पाठीशी घालणारी. तेव्हा सुधाकराला आपण काय केलं ते कळतं, आणि शेवटचा प्याला तो विषाचा घेतो.

'विरेचन' म्हटलं की वर्गात हशा पिकतो. मुलांना एरंडेल आठवतं. हसू द्यावं. अॅरिस्टॉटल वैद्याचाच मुलगा होता. करुणा आणि भीती पोटात साचू न देता वाट करून देणं, एवढं त्यांनी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

आता आपल्या नागपूरच्या महेश एलकुंचवारांचं १९८५ सालचं 'वाडा चिरेबंदी' घ्या. तिथे खून नाही, विष नाही. अंगणात गंजलेला ट्रॅक्टर आहे आणि ऐपत नसताना तात्याजींच्या तेराव्याचा थाट करायला निघालेलं घर. काही अभ्यासक अशा नाटकाला शोकांतिका न म्हणता 'शोकात्मिका' म्हणतात, कारण इथे शोक शेवटाला येत नाही, पहिल्यापासून घरात मुरलेला असतो. मला तो शब्द पटतो. पण त्या देशपांड्यांच्या वाड्यात नेम कुणाचा चुकला? भास्करचा, मुंबईला गेलेल्या सुधीरचा, की पडदा उघडण्याआधीच गेलेल्या तात्याजींचा? नाटक घरी असेल तर आज दुपारी काढून बघा.