मध्यम वेगाने

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बोम्मसंद्रा येथे दिलेले भाषण)

अध्यक्ष महाशय, वडीलधारी मंडळी, भगिनींनो, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तरुण मित्रांनो,

चिटणिसांनी आम्हांस व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही "मोटारसायकल" असे उत्तर दिले. ते क्षणभर गप्पच झाले. केंद्र सरकारच्या नोकरीत केस पिकविलेला बी. ए. झालेला गृहस्थ संतवाङ्मयावर बोलेल, निदान निवृत्तिवेतनावर तरी बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु आमच्यापाशी जे काही ज्ञान आहे, त्यांत हाडे मोडून मिळालेले असे हे एकच. त्यांतले एक हाड आमचे नव्हते. ते पुढे येईलच.

आम्ही गाडी शिकलो मिरजेस, मामांच्या बुलेटवर. त्या काळच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी असे आणि ब्रेक डाव्या. १९९१ साली एका मित्राची येझदी आम्ही हौसेने मागून घेतली. ही मैसूरची गाडी. किक मारावयाची आणि गिअर बदलावयाचा दांडा एकच, आणि तो डाव्या अंगास. ब्रेक अर्थात उजवीकडे. सांगली-मिरज रस्त्यावर एक म्हैस, म्हशीला शोभेल अशा संथपणे, आडवी आली. डोक्याला ठाऊक होते की ही येझदी आहे. पायाला मात्र ती बुलेटच वाटली. डावा पाय सर्व शक्तीनिशी गिअरवर पडला, गाडी थांबली नाही आणि आम्ही बाभळीत गेलो. मनगट मोडले. म्हशीने मागे वळूनही पाहिले नाही.

हा प्रसंग आम्ही वर्षानुवर्षे लग्नकार्यांत हसत सांगितला. त्याचा खरा अर्थ आम्हांस पुष्कळ उशिरा उमगला. संकटाच्या क्षणी माणूस विचार करीत नाही, सवय विचार करते. म्हणून सवय आधी, मोकळ्या मैदानात, जाणूनबुजून लावावी लागते. पुढचा ब्रेक घ्या. सायकल शिकताना कोणीतरी आपणांस सांगितलेले असते की पुढचा ब्रेक दाबलास तर उलटशील, आणि ते भय आपण जन्मभर बाळगतो. वस्तुतः गाडी थांबू लागली की सारा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होते; थांबविण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. तो झटका देऊन न दाबता, लिंबू पिळावे तसा चढत्या जोराने दाबावयाचा असतो. २०१९ पासून एकशेपंचवीस सीसीवरील नव्या गाड्यांना चाक घसरू न देणारी ब्रेकची योजना सक्तीची झाली, हे उत्तम झाले. पण ती योजना ब्रेक दाबल्यानंतरची आहे. केव्हा दाबावा हे तिला कळत नाही.

आता दुसरा प्रसंग. हा आम्ही लग्नकार्यांत सांगितलेला नाही.

बदली होऊन आम्ही बंगळुरास आलो. २०१० साली सिल्क बोर्डापासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत सुमारे दहा किलोमीटरांचा उन्नत मार्ग सुरू झाला. ज्यांनी त्यापूर्वीचा होसूर रस्ता पाहिला आहे, त्यांस तो मार्ग म्हणजे स्वर्गाची शिडीच वाटली. ना सिग्नल, ना गाय, ना आडवे येणारे कोणी. परंतु या शिडीचा एक गुण कोणी सांगत नाही. दहा किलोमीटर ऐंशीने गेल्यावर खाली उतरताना आपण सत्तरवर येतो, तेव्हा ते सत्तर नुसते रांगणे वाटते. डोळ्यांस वेगाची धुंदी चढलेली असते. आणि खाली पुढे काय असते? हेब्बगोडी, आणि मग आपले हे बोम्मसंद्रा: दुतर्फा कारखाने, आणि पाळी सुटली की रस्ता ओलांडणारी माणसांची रांग.

२०११ चा डिसेंबर. संध्याकाळचे साडेसहा. दुभाजकाच्या फटीतून एक मनुष्य हातात डबा घेऊन रस्त्यावर उतरला. तीन बसगाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जितके अंतर होईल, तितक्या अंतरावर तो आम्हांस दिसला. आम्ही ब्रेक दाबला, शेवटी गाडी वळविलीही; पण हँडलचा टोला त्यास बसला आणि आम्ही दोघेही आडवे झालो. आमचे खांद्यावर निभावले. शिरस्त्राण होते, त्याची हनुवटीखालची पट्टीही लावलेली होती. त्याच्या नडगीचे हाड मोडले.

तो ओडिशातला, वय तेवीस-चोवीस, एका कारखान्यात रोजंदारीवर. दवाखान्याचा खर्च आम्ही केला. त्याचा येथे उल्लेख करण्याचे कारण इतकेच की त्या खर्चाने आम्ही बराच काळ स्वतःची समजूत घालीत होतो. पोलिसांपुढे जबाब द्यावयाचा होता. सरकारी मनुष्याला शब्द तोलून वापरता येतात. आम्ही लिहिले, "मी माझ्या बाजूने मध्यम वेगाने जात असता." गाडीच्या काट्याचा आकडा कोणी विचारला नाही, आम्ही सांगितला नाही. काटा सत्तरवर होता. पुढे त्याला भेटावयास गेलो तेव्हा पाय प्लास्टरमध्ये आणि तीन महिन्यांची मजुरी बुडालेली, अशा अवस्थेत तोच हात जोडून म्हणाला, "गलती मेरी थी, साहब." आम्ही त्याच्या उशाशी मोसंबी ठेवली आणि गप्प बसलो.

आमचे आणि गणिताचे वैर शाळेपासूनचे. परंतु धाकटी मुलगी अभियांत्रिकीला गेली, तेव्हा एका रविवारी तिला आम्ही सहज म्हणून हे गणित घातले. कोणासंबंधी आहे, ते सांगितले नाही. तिने मांडले ते असे. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. पन्नासच्या वेगात त्या एका सेकंदात चौदा मीटर जातात, आणि कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक लागला तर पुढचे सोळा मीटर थांबण्यास लागतात, एकूण तीस. सत्तरच्या वेगात एकोणीस आणि वर साडेएकतीस. म्हणजे सुमारे एक्कावन. वेग दीडपटही नव्हता, अंतर मात्र जवळजवळ पाऊणपटीने वाढले असे आम्ही म्हणू लागलो, तर ती म्हणाली, "बाबा, वेगाचा वर्ग होतो. आणि खरी गंमत पुढेच आहे. पन्नासवाला जिथे थांबून उभा असतो, त्याच जागी सत्तरवाल्याचा वेग अजून सत्तावन असतो." तिने "गंमत" हा शब्द वापरला. तीन बसगाड्या म्हणजे तेहतीस-चौतीस मीटर. आम्ही पन्नासने असतो, तर तो मनुष्य डबा घेऊन सुखरूप घरी गेला असता आणि जाताना फार तर आम्हांस दोन शिव्या दिल्या असत्या.

देशाचा आकडाही सांगून टाकतो. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची. शेकडा ७१ मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदलेले आहेत. ते वाचताना आमच्या मनात येते, की "मध्यम वेगाने" असे लिहून त्या सदरातून निसटलेले किती असतील?

शिरस्त्राणाविषयी दोन शब्द. लॉरेन्स ऑफ अरेबिया हा विख्यात इंग्रज १९३५ साली मोटारसायकलवरून पडून, डोक्यास मार लागून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांस ती गोष्ट लागून राहिली. सैन्यातील दुचाकीस्वारांच्या जखमांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४१ साली तो प्रसिद्ध केला. आज आपल्या डोक्यावर जे आहे, त्याचा उगम तो. आमच्या पुण्यात २०१९ च्या जानेवारीत याच वस्तूविरुद्ध आंदोलन झाले. पुणेकरांच्या डोक्यात पुष्कळ काही असते हे मान्य. तेवढ्याचसाठी ते झाकावे. येथे कर्नाटकात २०१६ पासून मागे बसणाऱ्यासही सक्ती आहे. आमच्या सौभाग्यवतींचा अंबाडा त्यात मावत नसे. आता त्या वेणी घालतात.

बाकी सवयी किरकोळ आहेत. दसऱ्याला गाडीस झेंडूचा हार घालणारे आपण टायरमधली हवा मात्र दिवाळीपर्यंत पाहत नाही. पहिल्या पावसाची पहिली दहा मिनिटे सर्वांत निसरडी, कारण रस्त्यावरचे तेल तेव्हा वर येते. खड्डा दिसला तर खड्ड्याकडे पाहू नये, वाटेकडे पाहावे. नजर जाते तिकडे गाडी जाते. आणि उन्नत मार्गावरून उतरताना डोळ्यांवर विश्वास न ठेवता काट्याकडे पाहावे. आम्ही आज तेथे काटा पन्नासखाली आल्याशिवाय पुढे सरकत नाही. मागचे हॉर्न वाजवितात. वाजवोत.

आमच्या चिरंजीवांनी यंदा मोठी गाडी घेतली आहे. ते आत्ता भिंतीला टेकून उभे आहेत, आणि ही दुसरी गोष्ट आमच्याबरोबर त्यांच्या आईनेही आजच प्रथम ऐकली. तो ओडिशाचा मुलगा पाय बरा झाल्यावर गावी परत गेला, एवढे कारखान्याच्या दारावरच्या पहारेकऱ्याने सांगितले. पत्ता त्याच्याकडे नव्हता. २०२५ च्या ऑगस्टपासून पिवळी मेट्रो बोम्मसंद्र्यापर्यंत येते. स्थानकाच्या जिन्यावरून खाली रस्ता दिसतो, ती दुभाजकाची जागाही साधारण ओळखू येते. आम्ही मेट्रोने आलो की तेथे जरा थांबतो.

चहानंतर सभागृहामागचे मैदान चिटणिसांनी मोकळे ठेवविले आहे. खडूने तीस मीटरांवर एक रेघ आणि एक्कावनवर दुसरी आखलेली आहे. ज्यांना पुढच्या ब्रेकचा सराव करावयाचा असेल त्यांनी गाडी घेऊन यावे. प्रथम वीसच्या वेगाने. पट्टी हनुवटीखाली लावून.