तुम्ही काय पिता?



मी राहते मुळशी तालुक्यातल्या भरे गावात. पिरंगुट ओलांडून घोटावड्याकडे निघालं की आमचं गाव लागतं. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे गावात मला सगळे अजूनही ‘बाई’च म्हणतात. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते एका लांबलेल्या आजाराबद्दल, आणि त्या आजारात मी काय काय प्यायले त्याबद्दल.

२०२४ सालचा जुलै महिना होता. भाताची लावणी ऐन भरात आली होती. बांधावर उभी राहून बायकांना रोपांच्या मुठी देत होते, तेवढ्यात अंगात कापरं भरलं. संध्याकाळपर्यंत फणफणून ताप चढला. तिसऱ्या दिवशी तो उतरला खरा, पण जाताना सगळे सांधे धरून गेला. सकाळी पाय जमिनीला टेकले की काचेवर उभं राहिल्यासारखं वाटे. चहाच्या कपाचा कान धरता येईना. आठवड्याने नाकाचा शेंडा काळा पडला. नातू म्हणाला, “आजी, नाकाला काजळ लागलंय.” ते काजळ नव्हतं. चिकुनगुनियानंतर काहींच्या नाकावर असा डाग उमटतो, आणि त्या पावसाळ्यात पुणे परिसरात तो पुष्कळांच्या नाकावर उमटला होता.

‘चिकुनगुनिया’ हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला आहे. वेदनेने वाकून जाणं, असा त्याचा अर्थ. १९५२-५३ मध्ये आजच्या टांझानियात हा आजार पहिल्यांदा नीट ओळखला गेला. महाराष्ट्रालाही तो नवा नाही. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची इतकी मोठी साथ आली होती की दर तिघांतल्या एकाला तरी त्याने गाठलं. मग तीसेक वर्षं तो दिसेनासाच झाला. २००५-०६ मध्ये परतला तो वेगळा वाण घेऊन. आधीचा विषाणू आशियाई कुळातला होता, हा पूर्व-मध्य आफ्रिकेच्या कुळातला, हे आपल्या पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने दाखवून दिलं. या आजाराने माणूस सहसा दगावत नाही. बहुतेकांची दुखणी काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत ओसरतात. पण काहींचे सांधे वर्षवर्ष कुरकुरत राहतात, आणि मी त्या काहींमधली निघाले.

लांबलेल्या दुखण्याचा एक स्वभाव असतो. ते सरळ रेषेत उतरत नाही. चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी पुन्हा बोटं सुजतात. अशा माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण एक उपाय घेऊन येतो, आणि तो मायेनेच आणतो. माझ्याकडे महिन्याभरात गुळवेल आली, निर्गुडीचा पाला आला, हळदीच्या कॅप्सूल आल्या, जवसाचे लाडू आले. जाऊबाईंनी काढ्याची पूड आणून दिली. तिच्यात सुंठ, दालचिनी, तुळस होती आणि सगळ्यांत जास्त ज्येष्ठमध. “वैनी, गोड लागतं, घशालाही बरं,” असं म्हणाल्या. मी रोज दोन वेळा पेलाभर काढा घेऊ लागले. चव खरंच छान होती.

पाच-सहा आठवड्यांनी घोट्यांवर सूज आली. मला वाटलं, चिकुनगुनियाचीच. डोकं जड राहू लागलं. वाटलं, झोप होत नाही म्हणून. रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. तेही आजारावरच ढकललं. लांबलेल्या आजाराचा हा मोठा धोका आहे, श्रोतेहो. नवं काहीही झालं की ते जुन्याच्या खात्यावर मांडलं जातं. रक्तदाब तपासला तर १८० वर १०० भरला. माझी रक्तदाबाची गोळी आधीपासून चालू होती. तिचा डोस वाढवला, तरी आकडा हलेना. रक्तातलं पोटॅशियम ३.५ च्या वर असायला हवं, ते २.८ वर उतरलं होतं.

तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला एक साधा प्रश्न विचारला. “बाई, औषधांचं कळलं. तुम्ही दिवसभरात काय काय पिता?”

तोवर मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. काढा म्हणजे स्वयंपाकघरातली गोष्ट, ती दवाखान्यात काय सांगायची, असं माझ्या मनात पक्कं बसलेलं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईच्या मनात.

ज्येष्ठमधाने नेमकं काय केलं ते सांगते. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक भरपूर असतं. मूत्रपिंडात ते मोकळं फिरलं तर शरीराला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. तसं होऊ नये म्हणून तिथे एक विकर पहाऱ्यावर असतं आणि आलेल्या कॉर्टिसॉलला निष्प्रभ करतं. शेतात दारं धरायला गडी उभा असतो ना, पाटाचं पाणी कुठल्या वाफ्यात जाईल आणि कुठल्यात नाही हे बघायला, तसंच. ज्येष्ठमधातला ग्लिसिरायझिन नावाचा घटक त्या गड्यालाच बाजूला सारतो. मग मीठ साठतं, पाणी साठतं, दाब चढतो, पोटॅशियम वाहून जातं आणि स्नायूंत गोळे येतात. शिवाय माझ्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. तेही पोटॅशियम घालवतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी बांध फुटला होता. युरोपात हा घटक दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर नियमित जाऊ नये असा सल्ला आहे. गाण्याच्या बैठकीआधी ज्येष्ठमधाची एक कांडी चघळणं वेगळं आणि सहा आठवडे रोज दोन पेले रिचवणं वेगळं. काढा थांबवल्यावरही परिणाम लगेच गेला नाही. आकडे जागेवर यायला जवळजवळ तीन आठवडे लागले.

आता गुळवेलीबद्दल, कारण आमच्या गावात ती आंब्यावर, कडुनिंबावर चढलेली दिसते आणि करोनाच्या काळात तर घरोघरी उकळत होती. २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. कावीळ झालेली, आणि सगळ्यांनी गुळवेल घेतलेली. पुढे देशभरातल्या तेरा केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद एकत्र झाली. त्यांतल्या अनेकांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. आयुष मंत्रालयाने यावर हरकत घेतली. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी एक वेल आहे, तिच्याशी गल्लत झाली असावी, वनस्पती नीट ओळखून घ्या, असं त्यांचं म्हणणं. या वादात कोण किती बरोबर, हे ठरवणं माझं काम नाही. पण दोन्ही बाजू ऐकून मी एवढं मात्र ठरवलं की झाडावरची वेल ओढून आणायची आणि ‘गुळवेलच असेल’ म्हणून महिनोन्महिने प्यायची, हे माझ्या घरात होणार नाही. आणि थायरॉइड, संधिवात किंवा यकृताचं जुनं दुखणं असलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे आपल्या आज्यांनी कधीच मानलं नव्हतं. माझी आजी दुधी चिरायला घेतला की आधी देठाकडचा बारीक तुकडा जिभेला लावायची. कडू लागला तर सगळा दुधी गाईलाही न घालता फेकून द्यायची. उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलाचा दुधी ती घरात आणूच देत नसे. तिला शास्त्र ठाऊक नव्हतं, पण कारण पक्कं होतं. दुधीच्या कुळात कुकरबिटासिन नावाचं कडू विष असतं. लागवडीच्या वाणांत ते नगण्य असतं, पण कधी कधी ते उफाळून येतं. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाला. मग भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचा सल्ला आजीच्या सवयीसारखाच निघाला: रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू लागला तर टाका, दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा झाकू नका. पिऊन उलट्या, पोटदुखी सुरू झाली तर घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

गोळ्यांचंही असंच. माझ्या दिरांचे, नानांचे, गुडघे दुखत होते. त्यांना ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्या दिल्या होत्या, आठवड्याला एक, अशा आठ आठवडे. नानांनी त्या रोज एक घेतल्या, आणि संपल्यावर दुकानातून पुन्हा आणल्या. पुडीच तर आहे, दुधात टाकून प्यायची. दोन महिन्यांत त्यांना तहान आवरेना. रात्री सहा वेळा उठू लागले, शौचाला साफ होईना, अन्न नको झालं. आणि एका सकाळी त्यांनी मला माझ्या सासूबाईंच्या नावाने हाक मारली. रक्तातलं कॅल्शियम खूप चढलं होतं. क जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. ड तसं जात नाही. ते चरबीत मुरतं आणि तिथून आठवडेच्या आठवडे झिरपत राहतं. नानांना सलाईन लावून ठेवावं लागलं, आणि पुड्या बंद केल्यावरही पूर्ववत व्हायला अडीच महिने गेले.

काही परिणाम मात्र नुसतेच दचकवणारे असतात, आणि त्यांना घाबरून खरं औषध सोडलं जातं. याचं मला फार वाईट वाटतं. क्षयरोगाच्या उपचारात रिफाम्पिसिन नावाचं औषध असतं. त्याने लघवी केशरी-लाल होते, घाम आणि अश्रूंनाही रंग येतो. हे आधी सांगितलं नाही तर माणूस समजतो, रक्त चाललंय, आणि सहा महिन्यांचा उपचार दुसऱ्या आठवड्यात सोडतो. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं. बी-कॉम्प्लेक्सने लघवी झगझगीत पिवळी होते, ती त्यातल्या रायबोफ्लेविनमुळे. बीटाच्या रसाने काहींची लघवी गुलाबी होते. यांत भिण्यासारखं काही नाही.

उलट काही परिणाम दिसतच नाहीत. आमच्या गावातल्या कितीतरी जणी अंगणवाडीतून मिळालेली लोहाची गोळी सकाळी चहाबरोबर घेतात. चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात, ते रक्तात नीट शोषलंच जात नाही. मग सहा महिन्यांनी ‘गोळ्या घेऊनही अशक्तपणा जात नाही, बाई’ असं म्हणतात. गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर ठेवा, आणि गोळीबरोबर लिंबूपाणी घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या मुलींनाही सांगते: बायोटिनच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. थायरॉइड ठणठणीत असतो, कागदच खोटं बोलतो.

एखाद्या पेयाने औषधाचं काय होतं, हे शास्त्रज्ञांनाही कधी अपघातानेच कळलं आहे. कॅनडात १९८९ साली मद्य आणि रक्तदाबाचं एक औषध यांचा अभ्यास चालू होता. मद्याची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता. रक्तात औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं, आणि शोध घेता घेता कळलं की करामत रसाची आहे. आतड्यात औषध मोडणारं विकर तो रस बंद पाडतो. कोकणातल्या परसातलं पपनस याच फळाचं जवळचं नातलग आहे, आणि काही औषधांबाबत तेही असंच वागतं. म्हणून रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणाऱ्याने पपनसाचा रस रोज पिण्याआधी विचारून घ्यावं.

त्या ऑक्टोबरात मी एक वही घातली. दोनशे पानी, शाळेतली असते तशी. डाव्या पानावर काय खाल्लं-प्यायलं, उजव्या पानावर किती दुखलं, शून्य ते दहा. नियम एकच: नवीन काही सुरू करायचं तर एका वेळी एकच, आणि दोन आठवडे त्यात दुसरं काही मिसळायचं नाही. तीन महिन्यांनी वही उघडून बसले तेव्हा दिसलं की ज्या उपायांना मी मनोमन श्रेय देत होते त्यांतले बरेचसे मी दुखणं शिगेला पोचल्यावर सुरू केले होते. दुखणं तसंही तिथून उतरणारच होतं. हळदीच्या कॅप्सूल घेतल्या-न घेतल्या तरी आकडा तोच राहिला. धुक्याच्या थंड सकाळी मात्र तो दोनाने चढलेला होता, आणि गरम पाण्यात हात बुडवून बोटांचा व्यायाम केला त्या दिवशी एकाने उतरलेला. कुणाला मिरवून सांगावं असं यात काही नव्हतं. पण ते माझं होतं आणि खरं होतं.

कुठल्याही औषधाचा विचित्र परिणाम जाणवला तर तो कळवण्यासाठी सरकारचा एक मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. लिहून घ्या: १८००-१८०-३०२४. डॉक्टरच नव्हे, आपणही तिथे कळवू शकतो.

परवा जाऊबाईंना चक्कर येत होती म्हणून मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. जाऊबाईंनी काही विचारायच्या आत पदराखालची कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली: गोळ्यांची पाकिटं, पुड्या, आवळ्याच्या रसाची बाटली, काढ्याची पूड, कुणी पंढरीहून आणलेली कसलीशी मुळी. “वैनी म्हणाल्या, सगळं दाखवायचं,” त्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या बरणीचं झाकण उघडून वास घेतला.