नव्याने घडविलेली जुनी गाडी



अमेरिकेतील शर्यतीच्या मोटारीशी मनमाडच्या माणसाचा संबंध काय, असे आजचा विषय वाचून काहींच्या मनात आले असेल. संबंध आहे, आणि तो रुळांवरून येतो. जड गाडी ओढताना इंजिनाचे चाक जागच्या जागी गरगरू लागले की रुळावर वाळू सोडतात, हे या गावात पोरालाही सांगावे लागत नाही. ताकद पुष्कळ, पण पकड नाही, तर ती ताकद फुकट. ‘ड्रॅग रेस’ नावाची शर्यत याच एका तत्त्वावर उभी आहे.

दोन मोटारी शेजारी उभ्या राहतात आणि सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर धावतात. वळण नाही, फेरी नाही. उभ्याने सुटावे आणि आधी पोहोचावे, एवढेच. १९५० साली कॅलिफोर्नियातील सांता आना येथे विमानांच्या धावपट्टीवर या शर्यती रीतसर भरू लागल्या. वाळूऐवजी मागची रुंद चाके आधी जागीच फिरवून तापवायची, म्हणजे रबर चिकट होऊन पकड येते, ही युक्ती पुढे रूढ झाली.

त्या जुन्या मोटारी गेल्या कुठे? शर्यतीच्या गाडीला म्हातारपण लाभत नाही. नवा सांगाडा झाला की जुन्यातले इंजिन त्यात जाते आणि जुना सांगाडा विकला तरी जातो, नाहीतर कापला जातो. कधी एका अपघाताने सगळी धाटणीच मोडीत निघते. पूर्वी इंजिन पुढे आणि चालक त्याच्या मागे, गिअरपेटीजवळ पाय ठेवून बसलेला असे. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीच येथे डॉन गार्लिट्स या नामांकित चालकाची गिअरपेटी फुटली आणि त्यांच्या उजव्या पावलाचा भाग गेला. १९७१ साली त्यांनी इंजिन पाठीमागे असलेली मोटार आणली आणि जिंकूनही दाखविली. थोड्याच वर्षांत पुढच्या इंजिनाच्या मोटारी त्या वर्गातून हद्दपार झाल्या.

म्हणून संग्रहालयाला अशी मोटार पुष्कळदा नव्याने घडवावी लागते. नकाशे क्वचितच मिळतात. मुळात ते काढलेलेच नसतात. मग जुनी छायाचित्रे जमवायची. चाकाचा व्यास ठाऊक असला की बाजूने घेतलेल्या छायाचित्रावरून सांगाड्याची मापे काढता येतात. नळ्या तशाच जाडीच्या आणायच्या, इंजिन त्याच वर्षांचे शोधायचे. खरी कसोटी पुढेच आहे. मूळ मोटार घरामागच्या पडवीत घाईने जोडलेली. तिचे सांधे ओबडधोबड होते. आजचा कारागीर तेच सांधे आरशासारखे करील तर मोटार सुंदर होईल, पण खोटी होईल.

आणखी एक प्रश्न आहे: मोटार कोणत्या दिवसाची घडवायची? त्याचे उत्तर आपल्या ओळखीच्या क्षेत्रात सापडते. १८२९ साली इंग्लंडात रेनहिल येथे इंजिनांची चढाओढ झाली आणि स्टीफन्सन यांचे ‘रॉकेट’ जिंकले. मूळ ‘रॉकेट’ आजही शिल्लक आहे. पण त्याचे तिरपे सिलिंडर पुढे जवळजवळ आडवे केले गेले, इतरही फेरफार झाले. विजयाच्या दिवशीचे रूप दाखविण्यासाठी १९७९ साली धावते प्रतिरूप बांधावे लागले. ते ज्यांच्या देखरेखीखाली झाले, ते मायकेल सॅटो हेच दिल्लीचे रेल्वे संग्रहालय उभारण्यासही साह्यभूत झाले होते. तेव्हा मूळ वस्तू खरी, पण तिचे रूप बदललेले. प्रतिरूपाचे रूप खरे, पण वस्तू नवी. दोन्हींना आपापली जागा आहे. मात्र कोणता भाग जुना, कोणता नवा आणि रूप कोणत्या वर्षाचे, हे पाटीवर स्वच्छ लिहिले पाहिजे. पाटी मौन पाळू लागली की प्रेक्षकाची फसवणूक सुरू झाली, असे आम्ही मानतो.

आता आपल्या घरात डोकावू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. त्यांतील एकही आज संग्रहालयात पाहावयास मिळत नाही. उद्या कोणी ‘सिंध’ नव्याने घडवू म्हटले, तर पोलाद मिळेल, पैसाही मिळेल. पण ज्या हातांना ते काम माहीत होते ते कोठून आणावयाचे?

सगळेच हात अजून गेलेले नाहीत. मोठ्या मार्गांवरून वाफेची इंजिने जाऊन पंचवीसहून अधिक वर्षे झाली. तरी त्यांची भट्टी पेटविलेली, खिळे ठोकलेली, वाळूची नळी साफ केलेली माणसे रेल्वेच्या गावांत अजून भेटतात. पुलांचे लोखंडी गर्डर घडविणारा कारखाना असलेल्या या गावात तर कामाची कदर नव्याने शिकवावी लागू नये. कोणाच्या माळ्यावर जुनी वही असेल, पेटीत एखादे हत्यार असेल, भिंतीवर शेडमधला फोटो असेल. ते रद्दीत घालण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवून विचारावे: हे काय, हे कसे वापरीत? आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, लिहून ठेवावे. उद्याच्या कारागिराला त्याच कागदावरून माप घ्यावे लागणार आहे.