एल्मिनाची सहल



पश्चिम आफ्रिकेत घाना देशात एल्मिना हे किनाऱ्यावरचे गाव आहे. माड, वाळू व समुद्रस्नान यांसाठी प्रवासी तेथे उतरतात. सकाळी बंदरात जावे. डोक्यावर मासळीची घमेली घेतलेल्या बायका पाहून आपल्या कोळणी आठवतात. एक दिवस काकुमच्या अरण्यातील झुलत्या पुलांसाठी ठेवावा. परंतु किल्ला चुकवू नये. पोर्तुगीजांनी तो १४८२ साली, म्हणजे गोवा घेण्याच्या २८ वर्षे आधी, बांधावयास घेतला. गुलाम म्हणून विकावयाच्या स्त्रिया तेथील अंधारकोठड्यांत कोंडीत. त्यांच्या चौकावर गव्हर्नराचा सज्जा आहे. तेथून तो एकीला निवडी, असे वाटाडे सांगतात. बाहेर आल्यावर तोच समुद्र निराळा दिसतो. भगिनींनो, स्नानाआधी एक तास त्या निनावी बहिणींना द्यावा, एवढीच विनंती.