शिक्का आणि कस

'स्टार वॉर्स' म्हटलं की बहुतेकांना चित्रपट आठवतात. काळा मुखवटा घातलेला डार्थ व्हेडर, प्रकाशाच्या तलवारी, अंगभर केस असलेला उंचापुरा च्यूबाका. या चित्रपटांच्या मागे कादंबऱ्यांचं एक भलंमोठं कपाट उभं आहे, हे मात्र आपल्याकडे त्या मानानं कमी जणांना ठाऊक असतं. आज मला त्या कपाटाविषयी बोलायचं आहे, आणि त्याच्यासमोर उभं राहून वाचक वर्षानुवर्षं जे भांडत आले आहेत, त्याविषयीही. यातलं कुठलं पुस्तक आधी वाचावं, कुठलं सरस, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठलं 'खरं', हा त्या भांडणाचा विषय. मुळात सगळंच काल्पनिक, त्यात खरं-खोटं कसलं, असं तुम्ही म्हणाल. पण जरा ऐका.

जॉर्ज लुकास यांचा पहिला चित्रपट अमेरिकेत २५ मे १९७७ रोजी झळकला. त्याची कादंबरी मात्र त्याच्याही आधी, १९७६ च्या अखेरीस, दुकानांत आली होती. मुखपृष्ठावर नाव लुकास यांचं, लिहिणारे ॲलन डीन फॉस्टर. याच फॉस्टर यांनी १९७८ मध्ये 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय' ही स्वतंत्र कादंबरी लिहिली. पहिला चित्रपट बेताचाच चालला, तर कमी खर्चात दुसरा काढता यावा, अशा हिशेबानं ती कथा बेतलेली होती. म्हणून ती एका धुकट ग्रहावर घडते. धुकं असलं की नेपथ्याचे पैसे वाचतात! हान सोलो त्यात नाहीच, कारण ती भूमिका करणारा हॅरिसन फोर्ड पुढच्या चित्रपटात असेल की नाही, हे तेव्हा नक्की नव्हतं. आणि ल्यूक व राजकन्या लेया यांच्यात या कादंबरीत चक्क एकमेकांविषयीची ओढ दिसते. पुढे १९८३ च्या चित्रपटात ती दोघं बहीणभाऊ निघाली. आता छापून विकलेलं पुस्तक परत कसं घेणार? म्हणजे पुस्तकं आणि चित्रपट यांची ओढाताण अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे.

१९८३ नंतर मोठे चित्रपट थांबले आणि कादंबऱ्यांचा ओघही आटला. मग १९९१ मध्ये टिमथी झान यांची 'एअर टू द एम्पायर' आली आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. शेवटच्या चित्रपटानंतर पाच वर्षांनी ही कथा सुरू होते. त्यातला खलनायक थ्रॉन हा साम्राज्याचा सेनापती. निळी कातडी, लाल डोळे. पण तो आरडाओरडा करत नाही, हाताखालच्यांचे गळे आवळत सुटत नाही. शत्रूची चित्रं, शिल्पं समोर ठेवून तो तासन्‌तास बसतो, त्या समाजाचं मन ओळखतो आणि मग लढाईचा बेत आखतो. त्याच कादंबरीत मारा जेड भेटते. एके काळची सम्राटाची गुप्त हस्तक, ल्यूकला ठार मारण्याची इच्छा मनात धरून जगणारी. पुढच्या पुस्तकांत तीच त्याची बायको होते. साम्राज्याच्या राजधानीला 'कोरुसाँ' हे नाव झान यांनीच दिलं, आणि १९९९ च्या चित्रपटात ते पडद्यावर आलं. म्हणजे पुस्तकानं चित्रपटाचं ऋण थोडंसं फेडलं, असंही म्हणता येईल.

मला या मालिकेचा दुसरा भाग आधी मिळाला, मुंबईत फोर्टातल्या फुटपाथवर, पहिली काही पानं नसलेला. पहिला भाग हाती लागेपर्यंत बरेच महिने गेले. पण सेनापती चित्रं बघून युद्ध जिंकतो, ही कल्पना डोक्यात अशी बसली की पुढं जे मिळेल ते वाचत गेलो. आणि मग जो भेटेल त्याला सुचवतही गेलो.

सुचवणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही. पहिला वाद तिथंच होतो. काही जण म्हणतात, कथेतल्या काळाप्रमाणे वाचा. हजारो वर्षांपूर्वीच्या घडामोडींपासून सुरुवात करा आणि क्रमानं पुढं या. दुसरे म्हणतात, पुस्तकं ज्या क्रमानं निघाली त्याच क्रमानं वाचा. मी दुसऱ्या पक्षाचा. लेखक आधीच्या पुस्तकांचं वाचन गृहीत धरून लिहितो. कथेचा काळ मागचा असला तरी वाचकाला त्यातली खूण कळायला आधीचं पुस्तक वाचलेलं लागतं. पण मी आधी विचारतो, चित्रपटात तुला काय आवडलं? विमानांच्या लढाया आवडल्या असतील, तर मायकेल स्टॅकपोल यांची १९९६ ची 'रोग स्क्वॉड्रन' आणि तीच मालिका पुढं नेणारी ॲरन ऑल्स्टन यांची पुस्तकं. ल्यूक-लेया यांत जवळपास बाजूलाच. चित्रपटात मागच्या रांगेत असलेला वेज अँटिलीस इथं पुढं येतो, आणि ऑल्स्टन यांच्याकडे तर इतर तुकड्यांनी नाकारलेल्या वैमानिकांची एक तुकडीच आहे. विनोद भरपूर, आणि माणसं मरतात तेव्हा ते लागतं. खलनायकाचं मन समजून घ्यायचं असेल, तर मॅथ्यू स्टोव्हर यांनी २००५ मध्ये 'रिव्हेंज ऑफ द सिथ' या चित्रपटावरून लिहिलेली कादंबरी. चित्रपटापेक्षा ती सरस आहे, असं म्हणणारे बरेच भेटतील. त्यांत माझंही मत धरा. आणि मागचं काहीच न वाचलेल्या तरुण वाचकाला क्लॉडिया ग्रे यांची २०१५ ची 'लॉस्ट स्टार्स'. एका ग्रहावर वाढलेली दोन मुलं साम्राज्याच्या सैन्यात जातात. एक ते सोडतो, दुसरी शपथेला बांधलेली राहते.

आता खऱ्या भांडणाकडे येऊ. १९९९ मध्ये 'न्यू जेडाय ऑर्डर' या एकोणीस कादंबऱ्यांच्या मालिकेला सुरुवात झाली. आर. ए. साल्वातोरे यांनी लिहिलेल्या पहिल्याच पुस्तकात, 'व्हेक्टर प्राइम'मध्ये, च्यूबाका मरतो. एका ग्रहावर त्याचाच चंद्र कोसळत असतो. हानच्या धाकट्या मुलाला वाचवून च्यूबाका मागं राहतो, आणि त्या मुलाला यान घेऊन निघून जावं लागतं. वाचकांचा रोष लेखकावर ओढवला. वीस-बावीस वर्षांचा सोबती असा कसा मारता, हा त्यांचा सवाल. पण त्या मालिकेतला पुढचा हान सोलो पाहा. मित्र गेला म्हणून खचलेला, मुलाला दोष देणारा, घरापासून तुटलेला. बेफिकीर, हजरजबाबी माणसाला दुःख झालं तर तो कसा वागेल, हे चित्रपटांनी तोवर फारसं दाखवलं नव्हतं. ते या पुस्तकांनी दाखवलं.

आणि मग हे सगळं घडलंच नाही, असं ठरलं. २०१२ मध्ये डिस्नेनं लुकास यांची कंपनी विकत घेतली. नवे चित्रपट काढायचे ठरले. एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालं, की सहा चित्रपट आणि 'क्लोन वॉर्स' ही चित्रमालिका हेच अधिकृत. आजवरच्या कादंबऱ्या यापुढे 'लेजंड्स', म्हणजे दंतकथा. २०१५ मध्ये नवा चित्रपट आला. त्यात च्यूबाका ठणठणीत, आणि मेला तो हान सोलो! माझी भाची तो चित्रपट पाहून आली तेव्हा मी तिला च्यूबाकाच्या मरणाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मामा, काहीतरीच काय? तो तर जिवंत आहे." मी म्हटलं, "तुझ्या गोष्टीत आहे गं. माझ्यात जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली." आम्ही दोघं हसलो. पण मनात कुठंतरी टोचलं, हे खरं.

कंपनीची बाजू समजून घेतली पाहिजे. पस्तीसेक वर्षांत गाठी फार पडल्या होत्या. बोबा फेट या शिकाऱ्याचा एक भूतकाळ १९९६ मध्ये एका कथेत छापून आला, २००२ च्या चित्रपटानं त्याला वेगळाच जन्म दिला, आणि मग दोन्हींचा मेळ घालायला आणखी एक कथा रचावी लागली. थिएटरात आलेल्या माणसानं आधी कपाटभर पुस्तकं वाचलेली असावीत, अशी अपेक्षा कुणी ठेवू शकत नाही. स्वतः लुकास यांनीही कादंबऱ्यांचं जग आपल्या चित्रपटांहून निराळंच मानलं होतं. नव्या दिग्दर्शकाला मोकळी पाटी हवी, हे मला पटतं.

मला पटत नाही ते त्यानंतर वाचकांत जे सुरू झालं ते. एखादं जुनं पुस्तक सुचवलं की उत्तर येतं, "ते आता धरत नाहीत." उलट बाजूचे म्हणतात, "नवं काही वाचायचंच नाही, खरं ते जुनंच." दोघांनीही पुस्तक उघडलेलं नसतं. शिक्का पाहून निकाल दिलेला असतो. पण शिक्क्यानं कस कधी सांगितला होता? २०१४ च्या आधी जुन्या कपाटात सुमार कादंबऱ्याही होत्याच, आणि त्यांच्यावरही तोच शिक्का होता. २०१४ नंतर झान यांच्या कादंबरीतलं एक वाक्यही बदललं नाही. फक्त मुखपृष्ठावर 'लेजंड्स'ची पट्टी आली.

आपल्या मराठी वाचकाला हे कळायला जड जाऊ नये. 'मृत्युंजय'मधला कर्ण आणि इरावतीबाईंच्या 'युगान्त'मधला कर्ण समोरासमोर ठेवून आपण तावातावानं भांडतो. पण अमुक कर्ण आजपासून धरायचा नाही, असं पत्रक कुणी काढत नाही. कारण महाभारताला मालक नाही. 'स्टार वॉर्स'ला मालक आहे, आणि मालकाला आपल्या पुढच्या कथेचा आधार ठरवण्याचा हक्कही आहे. आपण काय वाचावं आणि त्याला काय म्हणावं, हे ठरवण्याचा मात्र नाही. तो हक्क वाचकानं आपणहून सोडून द्यावा, याचं मला वाईट वाटतं.

पुढं काय झालं तेही सांगतो. २०१६ मध्ये 'रेबेल्स' या चित्रमालिकेतून थ्रॉन अधिकृत जगात परत आला. २०१७ मध्ये त्याच्यावरची नवी कादंबरी झान यांनीच लिहिली, आणि २०२३ च्या 'अहसोका' मालिकेत तो हाडामांसाच्या नटाच्या रूपात दिसला. २०२१ पासून जुन्यातल्या निवडक कादंबऱ्याही नव्या मुखपृष्ठांनी पुन्हा छापल्या गेल्या. मारा जेड मात्र थ्रॉनबरोबर परतली नाही. तिला भेटायचं असेल तर आजही जुनंच पुस्तक उघडावं लागतं. ते उघडणारे आहेत, कारण कुणीतरी कुणाला तरी सांगत आलं आहे, की हे वाच.

तेव्हा माझं एवढंच म्हणणं आहे. पुस्तक सुचवाल तेव्हा ते अधिकृत की अनधिकृत, हे शेवटी सांगा. आधी सांगा, की यात एक सेनापती आहे, तो शत्रूची चित्रं बघतो. किंवा यात एक बाप आहे, त्याचा मित्र गेला आहे आणि त्याला मुलाकडे बघवत नाही. ऐकणाऱ्याला त्यात रस वाटला तर तो पुस्तक मागेल. आणि वाचून झाल्यावर तुमच्याशी भांडायला आला, तर त्याला चहा द्या आणि मनापासून भांडा.